पपईच्या मुलखात

जानेवारीतल्या पहाटे नंदुरबारला उतरणाऱ्या प्रवाशाला गावाची पहिली ओळख नाकाने होते. शहराबाहेरच्या मोकळ्या माळांवर लाल मिरची वाळत घातलेली असते. त्या जागांना तेथे ‘पथारी’ म्हणतात. धुके विरळ होऊ लागले की रस्त्याच्या कडेला दूरवर लाल रंग उलगडत जातो आणि गाडीच्या बंद काचांतूनही ठसका लागतो. माझी १९ वर्षांची कन्या पुण्याहून निघाल्यापासून तोंडावर ओढणी गुंडाळून बसली होती. ती ओढणी किंचित खाली करून तिने बाहेर पाहिले. पथारीवर बायका ओणव्या होऊन मिरच्या उलटत होत्या.

“आई, यांचे हात भाजत नसतील का?” तिने विचारले.

मी उत्तर दिले नाही. त्या दिवसांत ‘भाजणे’ हा शब्द आमच्या घरात फारसा उच्चारला जात नव्हता.

नंदुरबारहून एसटीने शहाद्याला निघाले की वाटेत प्रकाशा लागते. तेथे तापीचे विस्तीर्ण पात्र ओलांडावे लागते. उत्तरेला सातपुड्याची निळसर रांग दिसू लागते आणि नदी ओलांडल्यावर काळ्या कसदार जमिनीत ऊस, केळी आणि पपई यांचे पट्टे सुरू होतात. नंदुरबार हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. परंतु शहादा परिसराची शेती त्याआधीपासूनच खानदेशात नावाजलेली. अलीकडच्या काळात या तालुक्याची ओळख पपईशी जोडली गेली आहे. हिवाळ्यात येथून पपईचे ट्रक उत्तर भारताच्या बाजारपेठांकडे रवाना होतात. माझे आजोळ याच तालुक्यातले. मामांची १० एकर जमीन आता मामेभाऊ पाहतो आणि त्यातल्या ४ एकरांत पपई असते.

आजोळी जाण्याचे निमित्त वरवर पाहता साधे होते. मामांची तब्येत पाहायची, चार दिवस मोकळ्या हवेत राहायचे. खरे कारण ओढणीआड होते.

दिवाळीनंतर घरात एक लग्न ठरले होते. चुलत बहिणीचे लग्न म्हणून कन्येने चेहऱ्याची निगा मनावर घेतली. तिने फळांच्या विकरांपासून, म्हणजे एन्झाइमपासून, बनवलेली एक पावडर आणली. पाण्यात कालवून चेहऱ्यावर हलकेच चोळायची, मिनिटाभराने धुऊन टाकायची. डबीवर आठवड्यातून दोनदा वापरण्याची सूचना होती. पहिल्या आठवड्यात चेहरा खरोखर तुकतुकीत दिसू लागला, तेव्हा तिने ती रोज वापरायला सुरुवात केली. येथपर्यंत चूक तिची होती. पुढची चूक माझी. “एवढे पैसे कशाला घालवतेस? त्या डबीत पपईच तर आहे,” असे म्हणून मी मंडईतून कच्ची पपई आणली, स्वतःच्या हाताने किसली, त्यात अर्धे लिंबू पिळले आणि तो लेप तिच्या गालांवर २० मिनिटे ठेवला. घरचे आहे, फळ आहे, त्याने काय अपाय होणार, हा माझा विश्वास होता. सलग तीन दिवस आम्ही हा उद्योग केला. चौथ्या दिवशी तिचे दोन्ही गाल लालभडक झाले, पाणी लागले तरी चुरचुरू लागले. आठवड्याभराने लाली ओसरली आणि त्या जागी तपकिरी डाग उमटले.

त्वचारोगतज्ज्ञांनी भिंगातून गाल पाहिले आणि शांतपणे विचारले, “कच्ची पपई लावायला कोणी सांगितले?” आम्ही दोघीही खाली पाहत राहिलो. सौम्य क्लीन्झर, साधे मलम, बाहेर पडताना सनस्क्रीन आणि धीर, एवढेच त्यांनी लिहून दिले. लग्नाचे फोटो काढताना कन्या मागच्या रांगेत उभी राहिली. त्यानंतर ती माझ्याशी नीट बोलत होती, परंतु आरशासमोर मी आले की बाजूला होत होती.

चिकाची ओळख

मामेभावाच्या मळ्यात आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. पपईच्या बागेत प्रथमच शिरणाऱ्याला तिची उंची चकित करते. झाडे माणसाच्या उंचीची किंवा थोडी अधिक, आणि फळे मात्र गुडघ्यापासून वर खोडाला दाटीने लगडलेली. येथे बहुतेक लागवड ‘तैवान ७८६’ या वाणाची. लावणीपासून साधारण नऊ महिन्यांनी तोडणी सुरू होते. फळ संपूर्ण पिवळे होण्याची वाट कोणी पाहत नाही. हिरव्या सालीवर पिवळा पट्टा उमटला की ते तोडायचे, कागदात गुंडाळायचे आणि ट्रकमध्ये रचायचे. बाजारात पोचेपर्यंत ते वाटेत पिकते.

तोडणीला आठ-दहा बायका आल्या होत्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून पहाटे जीपने येतात. उन्हाचे दिवस नव्हते, तरी प्रत्येकीने साडीवर पुरुषी पूर्ण बाह्यांचा जुना सदरा चढवला होता आणि डोक्यावरून गळ्यापर्यंत फडके बांधले होते. कारण लगेच लक्षात आले. फळ देठापासून पिरगळले की दुधासारखा पांढरा चीक टपटपू लागतो. तो मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतो, कधी मानेवर पडतो. वाळला की खरखरीत पापुद्रा होतो आणि खाली कातडी खाजू लागते.

मामा आता ८० च्या घरात आहेत. बांधावरच्या खाटेवर बसून ते सारे पाहत होते. कन्येला त्यांनी जवळ बोलावले.

“ये बेटा. तुझ्या आईने तुझ्या तोंडाला काय लावले ते तुला दाखवतो.”

त्यांनी एक कोवळे, गडद हिरवे फळ निवडले आणि बांबूच्या धारदार कामटीने त्यावर उभी रेघ ओढली. जेमतेम दोन-तीन मिलिमीटर खोल. क्षणात त्या रेघेतून पांढरे थेंब फुटले आणि साखळीसारखे खाली घरंगळले. काही मिनिटांत ते दह्यासारखे थिजले. मग त्यांनी शेजारच्या झाडावरचे पिवळा पट्टा पडलेले फळ तसेच चिरले. त्यातून पाण्यासारखा, फिकट, थोडासाच स्राव आला. शेवटी घरून आणलेली पूर्ण पिकलेली पपई कापली. तिच्यातून चीक आलाच नाही.

“फळ कच्चे तोवर हा चीक त्याचा पहारेकरी,” मामा म्हणाले. “पिकले की पहारा उठतो. मग पाखरांनी खावे, माणसांनी खावे, बी लांब जावे.”

मामांचे हे निरीक्षण शास्त्राला धरून आहे. पपईच्या चिकात प्रथिनांचे तुकडे करणारी विकरे असतात. त्यांतले प्रमुख म्हणजे पपेन. पानांतल्या आणि कच्च्या फळांतल्या या चिकामुळे कुरतडणाऱ्या अळ्यांपासून झाडाचे रक्षण होते. जपानी संशोधकांनी २००४ मध्ये हे प्रयोगाने दाखवून दिले. फळ पिकत जाते तसतसा चीक ओसरतो. म्हणूनच पिकलेल्या पपईचा गर चेहऱ्याला लावला तर त्यातून पपेन नगण्य मिळते. थोडा ओलावा आणि गारवा मिळतो, इतकेच. उलट कच्च्या फळाचा कीस लावला तर त्यात किती पपेन आहे हे कोणालाच सांगता येत नाही. एका फळात कमी, दुसऱ्यात जास्त, सकाळी तोडलेल्यात निराळे. मी कन्येच्या गालांवर २० मिनिटे ठेवले होते ते असे अनमाप द्रव्य.

पपेनसाठी मुद्दाम चीक गोळा करण्याची शेतीही आपल्या देशात होते. कोइम्बतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठाने ‘को-२’, ‘को-५’ यांसारखे भरपूर चीक देणारे वाण त्यासाठी विकसित केले. पद्धत मामांनी दाखवली तशीच, फक्त अधिक काटेकोर. अडीच-तीन महिन्यांच्या हिरव्या फळांवर सकाळी लवकर चार उभ्या चिरा द्यायच्या, तीन-चार दिवसांच्या अंतराने पुन्हा नव्या चिरा द्यायच्या, ओघळणारा चीक भांड्यात धरायचा आणि सुमारे ५० ते ५५ अंश सेल्सियस तापमानाला वाळवायचा. साधे लोखंड चिकाला लागू द्यायचे नाही, कारण त्याने चिकाचा कस उतरतो. त्यासाठीच मामांच्या हातात सुरीऐवजी कामटी होती. चिरा पडलेली फळे दिसायला विद्रूप होतात, परंतु वाया जात नाहीत. केकमध्ये आणि आइस्क्रीमवर दिसणारी रंगीत टूटीफ्रूटी कच्च्या पपईचीच असते.

स्वयंपाकघरापासून प्रयोगशाळेपर्यंत

पपई मूळची आपल्याकडची नाही. ती मध्य अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर ती पूर्वेकडे आली आणि आपल्या परसात इतकी रुळली की परकी वाटेनाशी झाली. कच्च्या पपईने मांस मऊ होते हे ज्ञान स्वयंपाकघराला फार पूर्वीपासून आहे. खानदेशात काळ्या मसाल्याचे मटण करताना जून मांस असेल तर मामी आजही पपईचा तुकडा वाटून चोळते. तो अधिक वेळ राहिला तर मांसाचा लगदा होतो, हेही तिला ठाऊक आहे. त्या दिवशी दुपारी चुलीपाशी तिने मला हळूच म्हटले, “ताई, मटणाला अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवत नाही मी. तुम्ही पोरीच्या गालाला वीस मिनिटे ठेवलीत.” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

मांस मऊ करण्याच्या या गुणाकडे वैद्यकाचे लक्ष एकोणिसाव्या शतकात गेले. जी. सी. रॉय यांनी पपईच्या रसाच्या या पाचक क्रियेविषयी १८७३ मध्ये कलकत्त्याच्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. पुढे काही वर्षांतच फ्रान्समध्ये वुर्त्झ आणि बूशू यांनी चिकातले कार्यकारी द्रव्य वेगळे केले आणि त्याला पपेन हे नाव मिळाले. १९६८ मध्ये नेदरलँड्सच्या यान ड्रेंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साह्याने त्याच्या रेणूची त्रिमितीय रचना उलगडली. २१२ अमिनो आम्लांची ही साखळी, मधोमध खाच असलेली. त्या खाचेत प्रथिनाचा धागा सापडतो आणि तुटतो.

अननसातील ब्रोमेलेन, अंजिराच्या चिकातील फिसिन आणि किवीतील अ‍ॅक्टिनिडिन ही पपेनची भावंडे. भरपूर अननस खाल्ल्यावर जीभ चुरचुरते, त्यात अननसाच्या आंबटपणाइतकाच ब्रोमेलेनचाही वाटा असतो. सौंदर्यप्रसाधनांत मुख्यतः पपेन आणि ब्रोमेलेन वापरतात.

त्वचेवर नेमके काय होते?

आपल्या त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थराला शृंगी स्तर म्हणतात. केराटिन या चिवट प्रथिनाने भरलेल्या चपट्या मृत पेशींचे सुमारे १५ ते २० पदर त्यात असतात. विटांसारख्या त्या पेशी, मधे चुन्यासारखी स्निग्ध द्रव्ये आणि पेशींना परस्परांशी जखडणारे प्रथिनांचे टाके, अशी ही भिंत असते. आतून नव्या पेशी वर येत राहतात, बाहेरच्या नकळत गळून पडतात. तरुण वयात हा फेरा साधारण चार आठवड्यांचा असतो; वय वाढते तसा तो लांबतो. शरीर हे टाके स्वतःच्या विकरांनी दररोज सोडवत असते. म्हणजे मृत पेशी काढण्याची व्यवस्था निसर्गाने आधीच केलेली आहे.

फळांची विकरे या कामाला थोडा हातभार लावतात. वरच्या पदरातले प्रथिनांचे टाके ती सैल करतात, सुटत आलेल्या पेशी निघून जातात, आणि त्वचेवर प्रकाश सारखा पडू लागल्याने ती तजेलदार भासते. अक्रोडाच्या कवचाचा किंवा साखरेचा स्क्रब खरवडतो. विकर तसे खरवडत नाही. म्हणून योग्य प्रमाणात, थोड्या वेळासाठी वापरले तर ते पुष्कळांना सोसते. मात्र रंग उजळणे, सुरकुत्या नाहीशा होणे, वांग जाणे हे त्याचे काम नव्हे. जाहिरातीत तसे सूचित केलेले असले तरी एवढी अपेक्षा ठेवू नये.

विकराला जिवंत पेशी आणि मृत पेशी यांतला भेद फारसा कळत नाही. भिंत शाबूत असेल तर ते वरच्या वर राहते. रोज वापरले, जास्त वेळ ठेवले, वर लिंबासारखे आम्ल चढवले की भिंतीला भेगा पडतात. मग ओलावा निसटतो, त्वचा कोरडी पडते, साधे पाणीही झोंबते. आपल्या सावळ्या किंवा गव्हाळ त्वचेत अशा दाहानंतर रंगद्रव्य जास्त तयार होते आणि डाग महिनोन्महिने रेंगाळतात. माझ्या कन्येच्या गालांवर नेमके हेच झाले होते.

अ‍ॅलर्जीचा धोका वेगळा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये जखमांवर लावण्याच्या, मान्यता न घेतलेल्या पपेनयुक्त मलमांची विक्री थांबवण्याचा आदेश दिला. काही रुग्णांना त्यांमुळे तीव्र अ‍ॅलर्जी होऊन रक्तदाब एकाएकी घसरला होता. ती मलमे उघड्या जखमेवर लावली जात आणि त्यांतली मात्राही मोठी होती. चेहरा धुण्याच्या पावडरीची तुलना त्यांच्याशी सरळ करता येणार नाही. तरीही ज्यांना रबरी हातमोज्यांची किंवा फुग्यांची अ‍ॅलर्जी आहे, किवी, केळे, पपई खाल्ल्यावर ओठांना खाज येते, त्यांनी पपेनपासून दूर राहणेच शहाणपणाचे. रबराच्या चिकाची आणि या फळांची प्रथिने शरीराला सारखी भासू शकतात.

बोटांची गोष्ट

दुपारी जेवणाच्या सुटीत बायका लिंबाच्या सावलीत बसल्या होत्या. त्यांच्यात साठीच्या एक मावशी होत्या. भाकरीला हात घालण्यापूर्वी त्यांनी एका बाटलीतले गोडे तेल बोटांना चोळले, मग राखेने आणि पाण्याने हात धुतले. कन्या कुतूहलाने जवळ गेली.

“मावशी, हे तेल कशाला?”

“चीक निघत नाही ना पाण्याने. तेलाने सुटतो.” त्यांनी हात पुढे केले. “बघ.”

बोटांची टोके गुळगुळीत होती. काचेसारखी. कडेला लहान-लहान भेगा, पण मधोमध रेषाच उरल्या नव्हत्या. मावशी हसल्या आणि म्हणाल्या की रेशनच्या दुकानातले यंत्र त्यांचा अंगठा ओळखत नाही. दोन महिने त्या हेलपाटे घालत होत्या. एकदा अंगठा, एकदा तर्जनी, एकदा डावा हात; दर वेळी यंत्र लाल दिवा दाखवी आणि मागची रांग ओरडे. आता सून बरोबर जाते आणि तिचे बोट लावते. सून माहेरी गेली की धान्य थांबते.

हे केवळ चिकाने झाले असे मी म्हणणार नाही. त्याच हातांनी त्यांनी पावसाळ्यात निंदणी केली होती, कापूस वेचला होता, उन्हाळ्यात दगड उचलले होते. श्रमाने झिजलेल्या बोटांचे ठसे पुसट होतात हे आता सर्वांना माहीत आहे. पण तोडणीच्या हंगामात ओल्या चिकात रोज सहा-सात तास भिजणारी बोटे किती लवकर सोलवटतात, हे त्या सगळ्याच जणी सांगत होत्या. एकीने मनगटावरचा लाल पट्टा दाखवला, दुसरीने मान.

कन्या बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने ओढणी सोडली आणि स्वतःचे गाल मावशींना दाखवले. काय झाले ते सांगितले. पावडरीची किंमतही सांगितली.

मावशींना प्रथम समजेना. “म्हणजे हाच चीक? तू पैसे देऊन लावलास?”

“हो.”

सगळ्या हसल्या. कन्याही हसली. कित्येक आठवड्यांत मी तिला तशी हसताना पाहिले नव्हते. मावशींनी आपला तेलकट हात तिच्या गालावरून फिरवला आणि म्हणाल्या, “जाईल गं. तुझी कातडी कोवळी आहे. तिला जरा एकटी सोड.”

डॉक्टरांनी सांगितले होते तेच हे. कन्येने आपल्या पिशवीतले व्हॅसलिन मावशींना दिले आणि काम संपल्यावर हात धुऊन रात्री भेगांवर लावायला सांगितले. सकाळी कामापूर्वी त्याचाच हात फिरवला तर चीक कातडीला एकदम चिकटत नाही, ही भर एका दुसऱ्या बाईने घातली. त्या पूर्वीपासून खोबरेल तेलाने तसे करीत होत्या.

संध्याकाळी मामेभावापाशी मी हातमोज्यांचा विषय काढला. तो थोडा ओशाळला. आठ-दहा जणींचे मोजे काही फार महाग नव्हते. कधी सुचलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी शहाद्याच्या बाजारातून त्याने निळे नायट्राइलचे मोजे आणले. त्याआधी माझी चौकशी झाली होती की रबराचे घ्यायचे की हे. ज्या हातांना चिकाचा त्रास आहे त्यांना रबराचे मोजे देऊ नयेत, एवढे मी आता शिकले होते.

घरी परतल्यावर

परतीच्या वाटेवर आम्ही प्रकाशाला उतरलो. तापी आणि गोमाई यांच्या संगमावर केदारेश्वराचे देऊळ आहे; या स्थानाला दक्षिण काशी म्हणतात. घाटाच्या पायऱ्यांवर संध्याकाळचे ऊन होते. कन्येने ओंजळीत पाणी घेऊन चेहऱ्यावर मारले आणि क्षणभर थांबली. “झोंबले नाही,” ती म्हणाली. तेथेच पायरीवर बसून मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, “मीही डबीवरचे वाचले नव्हते.” आमच्यातला तो विषय तेथे मिटला.

पुण्याला आल्यावर डॉक्टरांना पुन्हा भेटलो. डाग फिके होत होते. विकरयुक्त पावडर पुन्हा कधी वापरता येईल का, हे कन्येनेच विचारले. त्यांनी नाही म्हटले नाही. काही पथ्ये सांगितली. ती आमच्यासारख्या घरांना उपयोगी पडतील म्हणून येथे देत आहे.

त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत, म्हणजे निदान सहा आठवडे, काहीही सोलणारे लावू नये. त्यानंतर प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून धुवावे आणि दोन दिवस वाट पाहावी. खाज, लाली, सूज यांपैकी काही दिसले तर तो विषय तेथेच सोडून द्यावा.

चेहऱ्यासाठी प्रमाणबद्ध, धुऊन टाकण्याचे उत्पादन घ्यावे. कोरडी पावडर बरी, कारण पाण्यात मिसळून ठेवलेल्या विकराची शक्ती हळूहळू क्षीण होत जाते. वापरण्यापुरतीच पावडर ओल्या तळहातावर घ्यावी आणि डबीत पाणी जाऊ देऊ नये. आठवड्यातून एकदा पुरे. वेळ डबीवर लिहिला असेल तेवढाच; घड्याळ लावून. डोळे आणि ओठ टाळावेत. कोमट पाण्याने धुऊन लगेच साधे मॉइश्चरायझर लावावे आणि दुसऱ्या दिवशी एसपीएफ ३० किंवा अधिक असलेले सनस्क्रीन विसरू नये.

त्याच रात्री रेटिनॉल, ग्लायकोलिक आम्ल किंवा दाणेदार स्क्रब वापरू नये. थ्रेडिंग, वॅक्सिंग, दाढी यांनंतर दोन दिवस, तसेच फुटलेल्या पुटकुळ्यांवर, इसबावर, उन्हाने रापलेल्या त्वचेवर लावू नये. लहान मुलांना याची काहीच गरज नाही. गर्भवतींनी आणि त्वचेची औषधे सुरू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. लावल्यावर ओठ किंवा पापण्या सुजल्या, अंगभर पित्त उठले किंवा दम लागला तर घरगुती उपाय न करता तडक रुग्णालय गाठावे.

आणि कच्ची पपई? ती मटणात, भाजीत, कोशिंबिरीत शोभते. पिकलेली ताटात घ्यावी. तिच्यातले ‘अ’ आणि ‘क’ जीवनसत्त्वांचे धन पोटातून त्वचेपर्यंत पोचते. गालांवर किसून लावण्याचे काम मी कायमचे थांबवले आहे.

मागच्या आठवड्यात मामेभावाचा फोन आला. तोडणी संपत आली आहे. मोज्यांविषयी विचारले तेव्हा तो हसून म्हणाला, “ताई, मावशी एकाच हातात घालतात. उजव्या हातात मोजा असला की फळ निसटते म्हणे. म्हणून उजव्याला व्हॅसलिन आणि डाव्याला मोजा.” मग थोडे थांबून त्याने सांगितले की मावशींनी कन्येसाठी निरोप ठेवला आहे. डाव्या हाताच्या अंगठ्यावर बारीक रेषा दिसू लागल्या आहेत. पुढच्या महिन्यात रेशनच्या दुकानात त्या तोच लावून पाहणार आहेत.